कथील ऐकणारा माणूस

माझ्याशी भांडून गेलेली माणसे मला फारशी आठवत नाहीत. भांड्यांचे दुकान, तेही भवानी पेठेत, आणि वर माझी जीभ. दिवसाला दोन भांडणे ठरलेली असायची. भांडण झाले की मी दुपारी पोटभर जेवत असे. ज्याने माझ्याशी भांडायला हवे होते आणि जो शेवटपर्यंत भांडला नाही असा माणूस आयुष्यात एकच भेटला, आणि माझा राग आहे तो त्याच्यावर.

तो कल्हईवाला होता. पेठेत सगळे त्याला उस्ताद म्हणत. माझ्या दुकानासमोर कडुनिंबाखाली त्याची भट्टी होती. भट्टी म्हणजे जमिनीत खणलेला एक खळगा, कोळसे आणि चामड्याचा भाता. भात्यावर त्याची बायको बसे. बाईमाणसाला रस्त्यावर बसवतो म्हणून लोक कुजबुजत. त्याला मूलबाळ नव्हते, आणि दुसऱ्या कुणाचा हात भात्यावर त्याला चालत नसे. "दुसऱ्यानं फुंकलं तर आग उड्या मारती," तो म्हणायचा, "हिनं फुंकलं की आग बसून ऱ्हाती."

त्याचा चेहरा, हात, दाढीसुद्धा धुराने काळवंडलेली असायची. पायांचे तळवे मात्र तान्ह्या मुलासारखे गुलाबी होते. कारण त्याची निम्मी जिंदगी लोकांच्या भांड्यांत उभे राहण्यात गेली. भांड्यात वाळू आणि काथ्या टाकायचा, आधी स्वतःचे पाय धुवायचे, मग आत उतरायचे, निंबाला एक हात लावायचा आणि कमरेपासून डावीकडे-उजवीकडे फिरत राहायचे. इतर कल्हईवाले पाच-दहा मिनिटे फिरत. हा अर्धा अर्धा तास फिरे. कुणी घाई केली की तो आतूनच सांगायचा, "कल्हई मी लावत न्हाय. मी फकस्त जागा करून देतो. ती आपली आपण येऊन बसती. जागा घाण असंल तर कशाला बसंल?"

भांडे हातात घेतल्यावर त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "ह्यात काय शिजतं?" बाया वैतागत. एक पद्मशाली बाई, विणकराच्या घरची, मोठी फटकळ होती. ती म्हणाली, "तुला काय करायचंय? जेवायला येणार हायस का?" तो शांतपणे म्हणाला, "आंबट शिजत असंल तर जाड बसवतो, अम्मा. नुसतं दूध तापवत असशील तर पातळ पुरंल. तुझंच कथील वाचंल." बाई नरमून म्हणाली, "चिंचेचा चारू." चारू म्हणजे त्यांचे सार. तिला त्याने जाड कल्हई लावून दिली.

एकदा एका सोवळ्या वकिलाच्या घरून पातेले आले. गडी म्हणाला, पाणी तापवायचे आहे. उस्तादने पातेल्यात नाक घातले, थोडा वेळ तसाच राहिला आणि एवढेच म्हणाला, "दोनदा घासावं लागंल. उद्या ये." मी दुकानाच्या पायरीवर बसून त्याचे तोंड पाहत होतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवरून भाव ठरवणारा माणूस मी. मला कळायचे ते कळले. गडी गेल्यावर मी विचारले, "काय, मटण?" तो म्हणाला, "शेट, भांडं माझ्याकडं घासायला आलंय." त्याने ते कुणाला सांगितले नाही. मी तिसऱ्या दिवशी सगळ्या पेठेला सांगून मोकळा झालो होतो.

मी केम गावाहून सोलापुरात आलो तेव्हा माझ्याकडे डोक्यावरची पाटी होती. आठवड्याच्या बाजारांत पितळी वाट्या विकत दुकानापर्यंत पोचलो. सही करायला शिकलो तीही दुकान झाल्यावर. म्हणून मला चारचौघांत कुणी हसले की सहन होत नसे. आणि उस्तादने माझे दोनदा हसे केले होते.

पहिल्यांदा, मी नवीन भांडी आधीच कल्हई करून विकायला लागलो तेव्हा. ते काम माझा ठेवलेला माणूस करी, झटपट आणि स्वस्तात. एका बाईने माझ्याकडून तपेली घेतली आणि जाताना सहज उस्तादला दाखवली. त्याने अंगठ्याचे नख आतून ओढले. नखाखाली पांढरे निघाले आणि तपेलीत तांब्याची लाल रेघ उमटली. तो तिथूनच मला म्हणाला, "शेट, ही कल्हई न्हाय, पावडर हाय. नवरी घाम पुसंल तवा निघून जाईल." निंबाखालची सगळी माणसे हसली. मी हातातला तराजू खाली आपटला, त्याच्या अंगावर धावून गेलो, बोलू नये ते बोललो. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, "तुमच्या माणसाला म्हणावं, घास." दुसऱ्या दिवशी मी त्या माणसाला काढले आणि काम उस्तादकडे दिले. समोर बसून माझी भांडी खरवडण्यापेक्षा त्याने ती करावीत, हा माझा विचार.

दुसऱ्यांदा, त्याने घासून ठेवलेल्या एका पातेल्यात मी हात घालून पाहिले. इतके स्वच्छ तांबे मी पाहिले नव्हते, मोह झाला. तो काही बोलला नाही. कल्हई झाल्यावर पातेले माझ्यासमोर धरले. चांदीसारख्या पांढऱ्या तळात पाच लाल डाग होते. बोटांचे तेल लागले तिथे कथील बसलेच नव्हते. "शेट," तो म्हणाला, "तुमचा अंगठा घेतलाय मी." पुन्हा सगळे हसले. माझ्यासारख्या अंगठा उठवून मोठ्या झालेल्या माणसाला ते किती झोंबले असेल! मी तोंड सांभाळले, पण विसरलो नाही.

त्याचा खरा लौकिक मात्र कानाचा होता. कल्हईचे कथील बाजारात कांबीच्या रूपात मिळते. लबाड लोक त्यात शिसे मिसळतात. शिसे स्वस्त, लवकर वितळते, झरझर पसरते आणि पहिले आठ दिवस खऱ्यापेक्षा जास्त चमकते. मग काळे पडते, आणि आंबट शिजवले तर अन्नात उतरते. आम्ही व्यापारी कांब कपड्यावर घासून बघत असू. काळी रेघ उमटली की शिसे. उस्तादला ती परीक्षा हलकी वाटे. तो कांब कानाशी धरून हळूच वाकवायचा. खरे कथील वाकताना बारीक किरकिरते, सुकी काडी दुरून मोडावी तसे. ते ऐकले की तो डोळे मिटून म्हणायचा, "रडली." न रडणारी कांब तो परत फेकायचा. "कपड्यावर घासतो त्याला कान न्हाईत," असे तो मोठ्यांदा म्हणे, माझ्याकडे बघत. लांबलांबचे कल्हईवाले कांबी घेऊन त्याच्याकडे येत. त्याने 'रडली' म्हटले की विषय संपला.

असे पाच-सहा वर्षे चालले असेल. मग मला काही वेगळे दिसू लागले. दुपारी गिरणीचा भोंगा झाला की पूर्वी तो हातचे काम ठेवून जेवायला उठे. आता बायको भाता थांबवी तेव्हा उठू लागला. मी पायरीवरून शिवी दिली तरी हसे. आणि कांब वाकवून झाली की डोळे मिटण्याऐवजी तो एक क्षणभर बायकोकडे बघे. ती भात्याचा एक झोका जरा जोरात ओढी. मग तो म्हणे, "रडली." तिने झोका ओढला नाही, की कांब परत.

हे पेठेत कुणाच्याही ध्यानात आले नव्हते. माझ्या आले. मी ते कुणाला सांगितले नाही. चांगुलपणा म्हणून नव्हे. कधीतरी उपयोगी पडेल म्हणून.

ती वेळ एका वसतिगृहाच्या भांड्यांनी आणली. खेड्यांतून शिकायला आलेल्या मुलांचे ते वसतिगृह. तिथला स्वयंपाक मोठा. तांब्याची पातेली, हंडे, सगळे नवे आणि कल्हईसकट मी द्यायचे होते. त्यांचे चिटणीस माझ्याहून चिवट निघाले. घासाघीस करता करता मला इतके खाली आणले की रागाच्या भरात मी 'दिले' म्हणून बसलो. तो सौदा मला दुसरीकडून भरून काढायचा होता.

मी उस्तादला म्हणालो, "चार दिवसांत झालं पाहिजे."

"आठ लागतील."

"आठ? लग्न लावतोयस का भांड्यांचं?"

"नवी भांडी हायत, शेट. ठोकताना तेल लागलंय, ते आगीत जळून आत बसलंय. चिंचेच्या पाण्यात भिजवायची, घासायची, परत भिजवायची. जुनं भांडं बरं, त्येची घाण वरती असती."

"पाच."

"सात. पोरं जेवणार हायत त्यात."

सहावर सौदा मिटला. मी एवढ्यावर का मान्य केले, हे त्याला विचित्र वाटले असणार. मी दिवसांत हरलो, कारण कथलात जिंकायचे ठरवले होते. जुनी भांडी घेणाऱ्या एका मोडवाल्याकडे शिसे मिसळलेल्या कांबी स्वस्तात पडून होत्या. मी त्यातली एक माझ्या धोतराच्या सोग्यावर ओढून पाहिली होती. कोळशासारखी रेघ उमटली होती.

उस्तादची बायको त्या आठवड्यात भावाच्या आजारपणासाठी अक्कलकोटला गेली होती. भात्यावर शेजारचा कुणी बसला होता. मी उस्तादला कांबी पारखायला दुकानात बोलावले. चिटणीसांनाही बोलावले. दोन गिऱ्हाइके बसलेली होती. सगळ्यांसमोर मी त्याच्या हातात कांब दिली.

त्याने ती कानाशी धरली आणि वाकवली. मी हातभर अंतरावर होतो. दुकानात कुणी बोलत नव्हते. काहीही आवाज झाला नाही. त्याने ती पुन्हा सरळ केली, पुन्हा वाकवली. मग त्याची मान आपोआप निंबाकडे वळली, भात्याकडे. तिथे तो शेजारी विडी ओढत बसला होता.

"काय उस्ताद," मी म्हणालो, ओठ नीट हलवून, "रडली का?"

तो माझ्याकडे बघत राहिला. चिटणीस म्हणाले, "तुमच्या कानावर आमचा भरवसा आहे बरं का."

"रडली की," उस्ताद म्हणाला.

मला आतून हसू फुटले. त्या पाच डागांचे उट्टे निघाले असे वाटले.

पुढचे काही दिवस त्याने जे घासले, ते मी आजपर्यंत विसरलेलो नाही. एकेका पातेल्यात तो इतका फिरला की संध्याकाळी त्याला धरून उठवावे लागे. सहाव्या दिवशी कथील चढवायला घेतले. पहिले पातेले तापले, त्याने नवसागर टाकला, पांढरा धूर निघाला, कांब टेकवली आणि कापसाने फिरवली. आणि तो थांबला. कापूस हातात धरून पातेल्यात बघत राहिला. मग मान वर करून माझ्या दुकानाकडे बघितले. बराच वेळ. मी फळीवरची ताटे मोजल्यासारखे केले. पुन्हा पाहिले तेव्हा त्याने दुसरे पातेले आगीवर ठेवले होते.

भांडी आरशासारखी झाली. तळ त्याने असा चोख करून ठेवला होता की माझे खोटे कथीलसुद्धा त्यावर खऱ्यासारखे बसले. चिटणीसांनी उस्तादच्या पाठीवर थाप मारली.

महिना झाला नसेल. एका दुपारी चिटणीस पातेले घेऊन दुकानात आले, मागे आचारी. पातेले आतून शिशाच्या रंगाचे झाले होते. आचाऱ्याने पांढरे फडके फिरवून दाखवले, ते काळे झाले. आमटी कळकत होती. मुलांच्या पोटात कळा येत होत्या. एकाला तर घरी पाठवावे लागले होते. चिटणीस ओरडून बोलत होते. लोक जमले.

मी आवाज चढवला. "मला काय विचारता? कथील त्याने पारखलं, तुमच्यासमोर. 'रडली' म्हणाला की नाही? मग विचारा त्याला!"

सगळे निंबाकडे वळले. उस्ताद उठून आला. बायको परत आलेली होती. ती भात्यापाशीच उभी राहिली. त्याने पातेले हातात घेतले, तळावर बोट ओढले, बोटाकडे पाहिले. मी तयारीत होतो. तो म्हणणार, कथील शेटने दिले. मी म्हणणार, तू घेतलेस. तो एक शिवी देणार, मी चार देणार. सगळी उत्तरे माझ्या जिभेवर होती.

"माजी चूक हाय," तो म्हणाला. "समदी भांडी परत द्या. मी करून देतो."

बस. त्याने ती कल्हई जाळून पुसली, पुन्हा वाळू घेतली, पुन्हा आत उतरला. कथील स्वतःचे आणले. कुणाकडून काही घेतले नाही. त्या दिवसांत त्याने माझ्या दुकानाकडे एकदाही पाहिले नाही, आणि मी दिवसभर तिकडेच बघत होतो. पेठेत बोलणे सुरू झाले होते. उस्तादचा कान गेला. बाहेरगावचे कल्हईवाले कांबी घेऊन यायचे थांबले. बाया भांडी दुसरीकडे नेऊ लागल्या. मीही एक-दोघांना म्हणालो, "वय झालं म्हाताऱ्याचं." एका शुक्रवारी सकाळी दुकान उघडले तर खळगा मातीने बुजवलेला होता.

तो भांडायला येईल म्हणून मी वाट पाहिली. दुकानात, बाजारात, वाटेत. आधी मला वाटे, आला तर बरा झापीन. मग वाटू लागले, आला तर बरे होईल.

दोनेक वर्षांनी घंटा आणि समया पोचवायला मी अक्कलकोटला गेलो होतो. तो तिथे मेव्हण्याकडे राहतो असे कळले. पाय आपोआप वळले. गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारी बसली होती, तिने कानडीत काही सांगून हाताने घर दाखवले. दारात त्याची बायको तांदूळ निवडत होती. आत अंगणात तो आमच्याकडे पाठ करून खाट विणत बसला होता.

"या, शेट," ती म्हणाली. उठली नाही.

मी उभ्या उभ्याच म्हणालो, "भाभी, त्या कांबींत शिसं होतं. मला ठाऊक होतं."

"त्यास्नी बी ठाऊक हुतं."

मला वाटले, मी चुकीचे ऐकले. "कधी कळलं?"

"पैल्याच भांड्याला. कापूस फिरवला तर पळालं म्हणले. खरं कथील असं पळत न्हाय."

"मग थांबला का नाही?"

तिने सुपातला एक खडा काढून बाहेर टाकला. "काय म्हणून थांबणार? चार लोकांत 'रडली' म्हणून बसले हुते. ऐकू आलं न्हाय म्हणायचं? तुमी समद्या पेठंत सांगितलं असतं, उस्ताद भैरा झाला. सांगितलं असतं का न्हाय?"

मी खोटे पुष्कळ बोललो आहे. तिथे बोलवले नाही. "सांगितलं असतं," मी म्हणालो.

"तुमचा राग न्हाय त्यास्नी. त्या पोरांचं लई लागलं. अजून म्हंत्यात, एका शब्दासाठी मी लेकरांच्या पोटात शिसं घातलं."

इतके दिवस मी समजत होतो की मी एका प्रामाणिक माणसाला फसवले. मी त्याहून वाईट केले होते. त्याला खोटे बोलायला लावले होते, आणि ते खोटे तो एकटाच वाहत होता.

"मला त्यांना सांगायचंय," मी म्हणालो. "माझ्या तोंडानं."

"सांगा की." तिने माझ्याकडे पाहिले, त्या पाहण्यात टोमणा नव्हता. "पर वरडून सांगावं लागंल, शेट. आता काईच ऐकू येत न्हाय. गल्ली सगळी ऐकंल."

समोर एक शिंपी मशीन थांबवून आमच्याकडेच बघत होता. आडावर बाया होत्या. माझी गिऱ्हाइके अक्कलकोटातही होती.

तेवढ्यात उस्ताद वळला. मला पाहून त्याचा चेहरा उजळला, आणि बहिरी माणसे बोलतात तशा मोठ्या आवाजात तो ओरडला, "अरे, शेट! काय काम काढलं?"

आडावरच्या बाया वळल्या. मी तोंड उघडले.

"सहज," मी म्हणालो.

त्याने माझे ओठ वाचले आणि मोठ्यांदा हसला. "सहज? तुमी सहज कुटं जात न्हाय, शेट!"

शिंपी हसला, बाया हसल्या, मीही हसलो. त्याने दुसऱ्या खाटेवर मला बसवले, बायकोला चहा सांगितला. धंदा कसा आहे, पेठेत कोण आहे, कोण गेले, सगळे ओरडून ओरडून विचारले. मी मान हलवत राहिलो. मग तो थोडा पुढे सरकला, डावा कान माझ्या तोंडाशी आणला आणि म्हणाला, "बोला."

मी चहाचा कप बघत राहिलो.

जरा वेळाने त्याने पुन्हा कान पुढे केला. "बोला, शेट. मी ऐकतो."

शिंप्याचे मशीन अजून बंदच होते.

तिसऱ्यांदा त्याने विचारले नाही. सुंभाची गुंडी उचलली आणि पाठमोरा होऊन खाट विणायला लागला.